गच्चीवरचं पाणी: टाकीत साठवावं की बोअरवेलमध्ये सोडावं?

मुंबईत वर्षाला 2000 मिमीहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. सगळी अडचण इथेच आहे. 300 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिमी पाऊस झाला की 15,000 लिटर पाणी होतं. म्हणजे 10,000 लिटरची टाकी एका जोरदार सरीत भरून वाहू लागते, आणि मे महिन्यात ती कोरडीच असते. तरीही पावसाळाभर फ्लशला, जिने-गाड्या धुवायला पालिकेचं पिण्याचं पाणी वापरावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

बोअरवेलमध्ये पाणी मुरवलं तर टाकीएवढी जागा लागत नाही. मात्र खाली काळा कातळ. भेगा असतील तिथेच पाणी जिरतं. भरावाच्या जमिनीवर तर पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की पाणी जिरवायला खणलेला शोषखड्डाही तुंबतो. किनाऱ्याजवळ मचूळ झालेल्या बोअरला मात्र गोड्या पाण्याचा आधार मिळतो.

चालू बोअरवेल असेल तर मी पुनर्भरणच, म्हणजे पाणी बोअरमध्ये मुरवणंच, निवडेन. नसेल तर टाकी. दोन्हीकडे पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडाच: गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्यातच असते. खडी-वाळूची गाळणी मे महिन्यातच धुऊन घ्या.