जबड्याचं दुखणं: आधीच्या उपचाराचा गुण कशावरून जोखायचा?

घाट चढून कोल्हापूरला नव्या डॉक्टरांकडे गेलात की ते विचारणारच, आधीच्या नाइट गार्डने, म्हणजे झोपताना दातांवर बसवायच्या साच्याने, फरक पडला का? "थोडा पडला" या उत्तरावर त्यांना पुढचं काही ठरवता येत नाही. नोंद हवीच. पण कशाची?

दुखण्याला शून्य ते दहा आकडा देणं सगळ्यात सोपं. पण हे दुखणं मुळातच कमीजास्त होत राहतं, आणि माणूस उपचाराला जातो तो ते असह्य झाल्यावर. मग उतार आपसूक पडला तरी श्रेय उपचाराला जातं. म्हणून आकडा उपचाराच्या आधीपासून लिहावा, रोज ठरल्या वेळी. वेदनाशामक गोळी घेतली त्या दिवसावर फुली मारावी.

तोंड किती उघडतं हे पट्टीने मोजता येतं. आरशासमोर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसाचं साधारण 40 ते 55 मिलिमीटर असतं. न दुखता किती आणि दुखलं तरी किती, दोन्ही लिहा. आठवड्यातून एकदा पुरे. एकदोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाच समजावा. मात्र फक्त स्नायू दुखत असतील आणि तोंड पुरतं उघडत असेल, तर पट्टीवर काहीच दिसणार नाही.

माझा कौल खाण्याच्या नोंदीला. बरका फणस गिळला जातो, काप्याचे गरे चावावे लागतात, आणि मालवणी खाजं तर जबड्याची परीक्षाच घेतं. "तेव्हा पेज आणि घावन, आता काप्याचे गरेही, खाजं अजून नाही" एवढं सांगितलं की डॉक्टरांना चित्र दिसतं. फणस बारमाही नाही, म्हणून चपाती आणि काजूही यादीत ठेवा. मऊच खायला सांगितलं असेल तर मात्र परीक्षा म्हणून कडक चावू नका.

जबडा अडकत असेल तर पट्टी सोडू नका. स्नायूंच्या दुखण्याला आकडा आणि खाणं पुरतं. न दुखणाऱ्या 'कट्ट' आवाजाला सहसा उपचार लागत नाही, तो मोजत बसू नका. आवाज अचानक थांबून तोंडच उघडेना झालं, तर लगेच दाखवा.

वही की मोबाइल? भिंतीवरचं कॅलेंडर बरं, रोज नजरेसमोर राहतं. गार्ड, शेक, व्यायाम, जे सुरू कराल त्याची तारीख तिथेच टाका. दोन गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा ते कळत नाही. मोबाइल लागेल तो तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकतो का, याचा व्हिडिओ काढायला.