पद्मिनी आणि तीन दारांची थार: अख्खा पावसाळा दोन्ही चालवल्यावर

वडिलांची ८६ची प्रीमियर पद्मिनी घरात आहेच, उन्हाळ्यात महिंद्राची थार डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) मॅन्युअल घेतली, आता पाटण-कराड आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण असं दोन्हींवर भरपूर फिरून झालंय.

थारचं २.२ लिटर इंजिन, १३० पीएस, ३०० एनएम टॉर्क (चाक फिरवायची ताकद) आणि तो १६०० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे घाटात सारखं गिअर पाडावं लागत नाही. आमच्या वस्तीचा शेवटचा पट्टा कच्चा, जुलैत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्याने भरतात, तिथं २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्सची किंमत कळते. चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली की थांबून फोर एल (चारही चाकांना ताकद, पण हळू गिअर) टाकायचा, पहिल्या गिअरवर रांगत वर येते, खरंच भारी वाटतं! पण ही पार्ट टाइम सिस्टीम आहे, सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, फोर एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचे गिअर) पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो, वळताना दोघांना वेगळं अंतर कापायचं असतं, चिखलात टायर थोडं घसरून ते भागवतं पण कोरड्या डांबरावर सगळा ताण ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टवर येतो. जास्त सेफ म्हणून हायवेला फोर एच लावून पळवणारे बघितलेत, कृपया असं करू नका.

पद्मिनी कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे घाट गिअरवरच उतरवायचा आणि पुढच्या गाडीपासून लांब राहायचं. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मुलांना घेऊन हायवेला थारच न्यायची, ग्लोबल एनकॅपच्या (गाड्यांची टक्कर चाचणी घेणारी संस्था) चाचणीत ४ स्टार आहेत तिला.

तरी कराडच्या मंडईत जायचं तर मी पद्मिनीच काढतो. पिलर बारीक, काचा मोठ्या, गाडीचे चारही कोपरे बसल्या जागी दिसतात. खड्ड्यातून जाताना पाठीला त्रास कमी. आणि आई! तिचे गुडघे गेलेत, पद्मिनीत आधी सीटवर बसायचं मग पाय आत घ्यायचे, झालं. थारमध्ये तिला पुढेसुद्धा हात धरून चढवावं लागतं आणि मागे जायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरायचं, ते तिला शक्यच नाही. (१५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तो मी आनंदाने भरतो.)

थार बघायला जाणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा आणि त्यांना मागच्या सीटवर बसवून, उतरवून बघा, मगच बुकिंग करा.