४८ हजारांची लिमिट, ८१४ चा स्कोअर आणि ते केशरी बटण: १४ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत आमच्या सीएनसीचं, म्हणजे वर्कशॉपमधल्या संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशिनचं, स्पिंडल बेअरिंग गेलं. ज्यांच्याकडं मशिन आहे त्यांच्या पोटात हे वाचूनच गोळा येईल. बाकीच्यांनी एवढंच समजा की मशिन बंद, ऑपरेटर मोबाइल बघत बसलेला, आणि शिरोलीच्या पार्टीचा, म्हणजे आम्हाला काम देणाऱ्या कंपनीचा, दिवसातून चार वेळा फोन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सेट मिळाला, ३१,४०० रुपयांना. मी ऐटीत क्यूआर स्कॅन केला, रुपे क्रेडिट कार्ड निवडलं, पिन टाकला. नामंजूर. पुन्हा केला, पुन्हा नामंजूर. लिमिट ४८,००० ची, त्यातले ४१ हजार महिन्याच्या खरेदीत आधीच अडकलेले. हे मला माहीत असायला हवं होतं, पण गडबडीत कोण बघतंय.

दुकानदारांनी काउंटरखालून वही ओढली. "न्या ओ मालक, पुढच्या आठवड्यात द्या." माझं नाव लिहिलं, रक्कम लिहिली, पेन कानावर ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "बोला, कुठला नंबर?"

त्याच रात्री मी कार्डाच्या अ‍ॅपमधलं ते बटण पहिल्यांदा दाबलं. या परीक्षणाचा खरा विषय कार्ड नाही, ते बटण आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कार्ड सप्टेंबर २०२४ मध्ये घेतलं. बँकेचं नाव लिहीत नाही. कार्ड म्हणून वाईट नाही. पेट्रोलवर १ टक्का सरचार्ज माफ, पॉइंट्स बरे, बिल वेळेवर येतं, रुपे असल्यामुळं यूपीआयला जोडता येतं. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ही सोय दिल्यापासून माझ्यासारख्याचं बरंच सोपं झालं, कारण उद्यमनगरातल्या निम्म्या दुकानांत स्वाइप मशिन नाही, पण क्यूआर सगळ्यांकडं आहे. दुकानात चालतं, मित्राला पैसे पाठवायला चालत नाही. तेवढी शिस्त बरीच आहे. वार्षिक फी ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. ते ८२ पैसे डोळ्यात खुपतात, पण वर्षाला लाखभर खर्च केला की फी माफ, असं आहे.

आता बटण. अ‍ॅप उघडलं की सगळ्यात वर एक केशरी पट्टी दिसते, "खास तुमच्यासाठी: लिमिट वाढवा". तिच्या कोपऱ्यात एक ठिपका सारखा लुकलुकत असतो, घरात चिमणी आल्यासारखा लक्ष वेधून घेतो. मी दाबलं रात्री १०:४२ ला. उत्पन्न विचारलं, भरलं. ओटीपी आला, टाकला. १०:४३ ला मेसेज: "बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपली विनंती या वेळी मान्य करता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा."

एक मिनिट! आमच्याकडं पोरगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा नकार कळवायला आठवडा घेतात. आणि कळस म्हणजे, मेसेज वाचून अ‍ॅपवर परत आलो तर पट्टी तिथंच. खास तुमच्यासाठी. ठिपका चालू.

त्या रात्री मी सिबिलचा रिपोर्ट काढला, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्याची नोंद. अशी नोंद ठेवणारे देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत, सिबिल त्यातलाच एक, आणि प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तेव्हा कुणाला पैसे देऊन काढू नका. स्कोअर ७९६. तो ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असला की चांगला धरतात. बाइकचं कर्ज फिटलेलं, मशिनचं कर्ज चालू. मागच्या ३६ महिन्यांचे हप्ते चौकटीत मांडलेले असतात, हप्ता किती दिवस उशिरा गेला ते प्रत्येक चौकटीत. माझ्या सगळ्या चौकटींत शून्य शून्य शून्य. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, मग लिमिट देत का नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही, त्याचाच जास्त राग आला.

मग मेहुण्यानं मीठ चोळलं. तो फौंड्रीत नोकरीला आहे, पगार ४२ हजार, कार्ड याच बँकेचं. त्याची लिमिट १ लाख ६० हजार होती आणि त्याच महिन्यात त्याला आपणहून २ लाख ४० हजारांची ऑफर आली. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून त्याला विचारलं तरी. हा गडी दोन-दोन महिने फक्त 'किमान देय', म्हणजे बिलाचा छोटासा तुकडा, भरतो. त्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाला ४२ टक्के. मला म्हणतो, "दाजी, तुमचं काय तरी चुकतंय." नाद खुळा!

तेव्हा मी पक्कं ठरवलं होतं की बँकेला व्याज देणाराच आवडतो आणि वेळेवर फेडणारा नावडतो. हेच लिहून एक स्टार द्यायचा होता. अजूनही ते पूर्ण खोटं आहे असं वाटत नाही, पण माझ्याबाबतीत भानगड वेगळी निघाली.

रिपोर्ट नीट वाचल्यावर पहिली गोष्ट कळली. माझ्या कार्डासमोर शिल्लक रक्कम होती ४३,२१०. मी बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, पण ब्युरोला जाते ती त्या तारखेला कार्डावर असलेली रक्कम. ४८ हजारांत ४३ हजार म्हणजे लिमिटच्या ९० टक्के वापर. तीस टक्क्यांच्या आत ठेवा, असं सगळे सांगतात. म्हणजे कागदावर मी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस. लिमिट कमी म्हणून वापराची टक्केवारी जास्त, टक्केवारी जास्त म्हणून लिमिट वाढत नाही. चकवा लागल्यासारखं.

मग उपाय सुरू केला. जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची माहिती ब्युरोला द्यावी लागत होती. मी १३ ला आणि २७ ला कार्ड जवळपास रिकामं करायला लागलो. यात गोची अशी की क्रेडिट कार्डाचा खरा फायदा म्हणजे पन्नासेक दिवसांची बिनव्याजी उधारी, आणि ती मीच सोडून दिली. पार्टी आमचं बिल कायद्यानं ४५ दिवसांत द्यायची, देते ७५ दिवसांनी. मी मात्र बँकेला मुदतीच्या तीन आठवडे आधी पैसे देतोय, का तर तिनं मला चांगला म्हणावं. हे गणित कुठल्याही व्यापाऱ्याला सांगून बघा, हसेल.

पण स्कोअर वाढला. ऑगस्टमध्ये ८१४, शिल्लक ३,९००, म्हणजे वापर ८ टक्के. सहा महिने झाले होते. २७ ऑगस्टला सकाळी आंघोळ करून, मुद्दाम कामाच्या वेळेत बटण दाबलं, म्हटलं माणूस जागा असेल तर माणूस बघेल. १०:१५ ला दाबलं. १०:१६ ला तोच मेसेज. काना-मात्रेचा फरक नाही.

मधल्या काळात तक्रारही करून झाली होती, थोडक्यात सांगतो. बँकेच्या तक्रार विभागाला मेल केला, २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा हवाला दिला, की कार्डाचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यायला हवं. उत्तर आलं, आपला नवीन कार्डाचा अर्ज नाही. तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या पोर्टलवर गेलो. तक्रार बंद. कुणाला किती लिमिट द्यायची हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, आणि २०२१ च्या लोकपाल योजनेत व्यावसायिक निर्णयावर तक्रार चालतच नाही. नियम तसा आहे, लोकपालाला दोष नाही. पण हे ज्यांना माहीत नाही त्यांनी माझ्यासारखे दोन महिने घालवू नयेत म्हणून लिहिलं. बँकेनं जास्त पैसे कापले, कार्ड बंद करायला टाळाटाळ केली, अशी गोष्ट असेल तर जरूर जा.

कस्टमर केअरच्या पाच फोनांबद्दल लिहीत नाही. "सर, सिस्टीम जनरेटेड आहे सर."

शेवटी शाखेत गेलो. तिथल्या साहेबांनी आधी नेहमीचं ऐकवलं, कार्ड विभाग वेगळा, आमच्या हातात काही नाही. पण चहा सांगितला. मी रिपोर्ट समोर ठेवला, ८१४ वर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "रिटर्नमध्ये उत्पन्न किती दाखवता?"

तिथं माझी हवा गेली.

मी आयकराच्या ४४एडी कलमात रिटर्न भरत आलोय. छोट्या धंद्याला हिशेबाची कटकट नको म्हणून सोय आहे, बँकेतून आलेल्या जमेच्या कमीत कमी ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा दाखवायचा. कार्ड घेताना दिलेलं रिटर्न २०२३-२४ चं. उलाढाल ५४ लाख, सहा टक्क्यांनी नफा ३ लाख २४ हजार, म्हणजे महिन्याला २७ हजार. हातात त्याहून जास्त उरतं हे मला माहीत आहे, बायकोला माहीत आहे, बँकेला कोण सांगणार? साहेब म्हणाले, "स्कोअर म्हणजे तुम्ही घेतलेलं फेडता का, एवढंच. कमवता किती, ते त्यात नसतं. ते आमच्या फाइलमध्ये, आणि फाइलमध्ये तुम्ही सत्तावीस हजारवाले." अ‍ॅपमध्ये मी भरलेलं उत्पन्न कोणी धरतच नाही, फाइलमधला कागद बदलल्याशिवाय. जीएसटीची रिटर्न्स दाखवली तर म्हणाले, ती बिझनेस कार्डाला लागतात. वर हळूच सांगितलं, "आणि हे वैयक्तिक कार्ड आहे, यावर बेअरिंगं घेताय ते फार बोलू नका."

आता मेहुण्याचं कोडंही सुटलं. त्याचा ४२ हजारांचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला याच बँकेत पडतो. कागदावर तो माझ्या दीडपट श्रीमंत आहे.

बाहेर आलो आणि थेट सीएंकडं गेलो. रिटर्नची मुदत २०२५ मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढवली होती, ते एक नशीब. त्यांना म्हटलं, नफा जरा जास्त दाखवला तर कर किती बसेल? त्यांनी कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. "२०२४-२५ च्या उत्पन्नाला नवीन पद्धतीत सात लाखांपर्यंत कर शून्यच आहे की. गेल्या वर्षीपण शून्यच होता. तुम्हीच म्हणालात, कमीत कमी दाखवा."

दोन वर्षं मी जो कर वाचवला असं समजत होतो, तो मला लागणारच नव्हता! वाचवलं शून्य आणि घालवली लिमिट. हे घरी अजून सांगितलेलं नाही, आणि बायको असली परीक्षणं वाचत नाही या भरवशावर इथं लिहितोय. यंदा ५८ लाखांवर ११ टक्के दाखवले, ६ लाख ३८ हजार. कर शून्य. नवं रिटर्न शाखेत नेऊन दिलं आणि पोच घेतली.

मग कार्डाला स्टार किती? मार्चमध्ये एक देणार होतो. ऑगस्टमध्ये तर कार्ड बंद करायला निघालो होतो, विनंती केल्यावर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेला, तेवढा तरी आनंद मिळावा म्हणून. आज तीन देतो. चूक अर्धी माझी होती. पण "फाइलमधलं उत्पन्न जुनं आहे" हे चार शब्द त्या मेसेजमध्ये घातले असते तर माझे सात महिने, पाच फोन आणि एक लोकपाल वाचला असता. आणि जे देणारच नाही त्याची पट्टी रोज तोंडासमोर लावायची, हा कुठला न्याय? खानावळीत मटण संपल्यावर पाटी उलटी करतात. एवढी साधी गोष्ट बेंगळुरूत की कुठं बसून अ‍ॅप करणाऱ्यांना सुचू नये?

गेल्या महिन्याच्या बिलात वार्षिक फी लागून आली, ५८८.८२, लाखाच्या कितीतरी वर खर्च होऊनही. फोन केला. पलीकडच्या ताईंनी दोन मिनिटांत फी परत केली, खरंच चांगल्या बोलल्या. ठेवता ठेवता म्हणाल्या, "सर, आपल्या खात्यावर लिमिट वाढवण्याची खास ऑफर दिसते आहे, अ‍ॅपमध्ये वर केशरी रंगाचं बटण आहे बघा."

म्हटलं, ताई, बघतोय. फेब्रुवारीत दाबतो.