कोथरूडमधला जुना रीसेल फ्लॅट: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

नवं घर की रीसेल, हा प्रश्न बहुतेक जण किमतीवर सोडवतात. राहून बघितल्यावर वाटतं, तो पाण्यावर सोडवावा. हा फ्लॅट १९९० च्या दशकातल्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. महापालिकेचं पाणी येतं, ऐन मे महिन्यातही टँकर मागवावा लागला नाही. शहराच्या कडेच्या नव्या प्रकल्पांत टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये किती धरलाय, हे बुकिंगच्या टेबलावर कुणी आपणहून सांगत नाही. शेजारच्या पूर्ण झालेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, दोन मिनिटांत कळेल.

तरी पैशांचं आधी सांगतो. ८० लाखांचं घर धरू. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख. रीसेलला किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो नाही. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार (घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का कमी), नोंदणी ३० हजार. हे दोन्हीकडे सारखंच. वाचलेले ४ लाख खिशात राहतात असं मात्र समजू नका, ते बाथरूम आणि वायरिंगमध्ये जातात. शिवाय ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाही. त्यात जुन्या इमारतीचं व्हॅल्युएशन (बँकेने ठरवलेली किंमत) सौद्यापेक्षा कमी आलं, तर तो फरकही आपल्याच माथी. दलाली आणि दुरुस्तीची रोकड वेगळी बाजूला नसेल तर रीसेलच्या फंदात पडू नका.

आता बाथरूम. जुन्या टाइल्सवर टाइल्स लावून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून वाटेला लावा. गळती टाइल्समधून कमी आणि नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालचा पाणी वाहून नेणारा भाग) जोडातून जास्त होते, आणि तो जोड टाइल्सखालच्या भरावाच्या, म्हणजे जुन्या कोब्याच्या पोटात असतो. कोबा स्लॅबपर्यंत फोडायचा, ट्रॅप बदलायचा, पाइपाभोवतीची जागा ग्राउटने भरायची, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे: भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. ते वाळल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्यांचं छत बघून यायचं. टाइल्स त्यानंतरच. जुन्या इमारतींत ट्रॅपचा पाइप बऱ्याचदा खालच्या घराच्या छताखालून जातो, म्हणून काम सुरू करण्याआधी खालच्या काकूंशी बोलून ठेवलेलं बरं.

भिंतीतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप त्याच वेळी बदला. अर्ध्या इंची पाइप आतून गंजत गंजत पेन्सिल जाईल एवढाच उरतो. नळाला धार दिसते, पण इन्स्टंट गीझर चालू व्हायला लागतो तेवढा दाब मिळत नाही. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारे प्लास्टिकचे पाइप) टाकताना मुख्य लाइन पाऊण इंची ठेवा.

वायरिंग: दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसी-गीझरला ४ चौरस मिमीची वायर. नवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवल्यावर तो सारखा पडत असेल तर इलेक्ट्रिशियन त्यालाच नावं ठेवेल. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात, खरं कारण बहुधा तेच निघतं. आरसीसीबी काढू देऊ नका, न्यूट्रल वेगळे करून घ्या.

कागदपत्रांत पहिल्यापासूनच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा वकिलाचा अहवाल) आणि सोसायटीचं येणं बाकी नसल्याचं पत्र तर हवंच. पण कोथरूडसारख्या भागात सर्वसाधारण सभेची इतिवृत्तंही वाचा. पुनर्विकासाचा ठराव झालेला असेल तर आज बसवलेलं स्वयंपाकघर उद्या राडारोड्यात जाईल. जमिनीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का तेही विचारा, त्यावाचून पुनर्विकास अडतो. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर कुणी ‘डोनेशन’ मागितलं तर लेखी मागा, विषय तिथेच संपतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा आयकर) कापून भरणं खरेदीदाराचं काम असतं. विक्रेता परदेशस्थ असेल तर नियम वेगळा, तेव्हा सीएला विचारूनच पैसे द्या.

नव्या घराच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे: रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यावर ३० दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. इथे तसलं काही नाही. गच्चीची गळती म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी. लिफ्ट नसल्याने घरात ज्येष्ठ असतील तर दुसऱ्या मजल्याच्या वरचं घर बघायलाही जाऊ नका.

आणि पार्किंग. विक्रेत्याची गाडी खाली उभी दिसली म्हणून ती जागा घराबरोबर येते असं नाही. वाटप सोसायटीच्या हातात असतं, त्यामुळे टोकन देण्याआधी सेक्रेटरींकडून ते लेखी घ्या.