गाडीच्या डिकीपासून हॉलपर्यंत: होम थिएटर ११ महिने वापरल्यावर

होम थिएटर बसवून परवा ११ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या, आणि त्याही चुकीच्या वस्तूला, त्यामुळे थांबलो ते बरंच झालं. आधी सामान सांगतो. डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अँप), एसव्हीएसचा पीबी-१००० प्रो सबवूफर (सब, म्हणजे फक्त बेसचा मोठा स्पीकर), पुढे दोन बुकशेल्फ आणि त्यांच्या जोडीचा सेंटर (संवाद मुख्यतः यातून येतात), मागे दोन छोटे सराउंड, आणि पुढच्याच भिंतीवर छताजवळ दोन हाइट स्पीकर. म्हणजे ५.१.२: पाच स्पीकर, एक सब, दोन हाइट. छतात भोकं पाडायला घरच्यांची परवानगी नव्हती म्हणून हाइट भिंतीवर गेले. खर्च दोन लाखांच्या वर गेलाय, किती वर गेलाय ते घरी माहीत नाही त्यामुळे इथेही लिहीत नाही.

माझं सगळं शिक्षण गाडीत झालं. २००४ ला सेकंडहँड मारुती ८०० घेतली आणि पहिल्या पगारात नाना पेठेतून मागच्या पार्सल ट्रेवर ६ बाय ९ चे ओव्हल बसवून घेतले. मागची काच थरथरायची आणि आम्ही मित्र त्याला बेस म्हणायचो. डेकवर ठळक अक्षरात ५० वॉट गुणिले ४ छापलेलं होतं आणि मी ते सगळ्यांना सांगायचो. नंतर कधीतरी गणित कळलं की गाडी चालू असताना मिळतात जेमतेम १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा, त्यातून खरे २०-२२ वॉट निघाले तरी खूप. बाकीचे वॉट स्टिकरवरच राहतात. पीएमपीओच्या, म्हणजे फुगवलेल्या वॉटच्या, काळात वाढलेला माणूस मी, त्यामुळे डेनॉनच्या कागदावर ८ ओहमला, दोन चॅनल चालवून, प्रत्येकी ८० वॉट असं कशावर मोजलं ते लिहिलेलं बघून मला निम्मा आनंद तिथेच झाला.

मग स्विफ्ट आली. पुढच्या दारात कॉम्पोनंट स्पीकर, सीटखाली चार चॅनलचा अँप, त्याचे मागचे दोन चॅनल ब्रिज करून (एकत्र जोडून) डिकीत सीलबंद डब्यातला १२ इंची वूफर. त्या गाडीत मी एक गोष्ट बघितली होती जी लक्षात ठेवायला हवी होती. दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट चिकटवली, भोकं बंद केली, आणि तेच स्पीकर तोच अँप एकदम दुसऱ्याच किमतीचे वाटायला लागले. पण तेव्हा शिकलो काय, तर आता अजून मोठा अँप घ्यायचा.

ज्याने वायरिंग केलं त्याने बॅटरीच्या शेजारी फ्यूज टाकला नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं. इंजिनातून आत येताना वायर पत्र्याला घासून सोलली गेली, आणि खंबाटकी घाटात, आई मागे बसलेली, मुलगी तेव्हा दीड वर्षाची, डॅशबोर्डखालून धूर. बॅटरीची कडी सुटली म्हणून वाचलो. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच, हे मी आता लग्नात जेवताना शेजारी बसलेल्यालाही सांगतो. त्या दिवशी बायको रस्त्याच्या कडेला मुलीला कडेवर घेऊन एवढंच म्हणाली, "तुला ऐकायचंय ना, मग घरात बसून ऐक." तिला वाटलं विषय संपला.

तर घर. आमचा हॉल १६ फूट बाय ११ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंती काँक्रीटच्या, टीव्ही आखूड भिंतीवर आणि सोफा बरोब्बर मधोमध, कारण मागे डायनिंग टेबल. सगळं जोडलं, दिवे घालवले, सिनेमा लावला आणि सोफ्यावर काही म्हणजे काही नाही. गाडीतला १२ इंची पोटात गुद्दे मारायचा आणि हा त्याच मापाचा, ३२५ वॉटचा, आकाराने लहान फ्रीजएवढा, आणि नुसता गुरगुरतोय. मी अ‍ॅपमधून सबचा आवाज वाढवत गेलो. तेवढ्यात आतून आई ओरडली की अरे ती भांडी वाजतायत, पडेल काहीतरी. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो तर तिथे हा एवढा बेस! म्हणजे बेस होता, मी पैसे भरून जिथे बसलो होतो तिथे सोडून सगळीकडे.

हे का होतं ते कळायला मला तीन आठवडे लागले, इथे चार ओळीत सांगतो. गाडीची आतली लांबी अडीच मीटर धरा. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरची असते, ती गाडीत मावतच नाही, त्यामुळे वूफर हलला की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, जसा सायकलचा पंप. फ्रिक्वेन्सीत खाली जाल तसा बेस आपोआप वाढतो, याला केबिन गेन म्हणतात, आणि मी वीस वर्षं हा फुकटचा बेस स्वतःच्या अँपची करामत समजत होतो. हॉलमध्ये उलटं. १६ फुटांत ३५ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर बसते, दोन्ही भिंतींपाशी तिचा दाब सगळ्यात जास्त आणि बरोब्बर मध्यावर शून्य. आणि बरोब्बर मध्यावर कोण बसलंय, तर आम्ही.

मित्राकडून यूएमआयके-१ हा मोजमापाचा माइक आणला, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर टाकलं (फुकट आहे, जरूर वापरा) आणि ग्राफ काढला. ३५ च्या आसपास जवळजवळ १५ डेसिबलचा खड्डा. मला वाटलं रिसीव्हरमधून तेवढीच फ्रिक्वेन्सी वाढवू. होत नाही. जिथे लाट स्वतःला खाते तिथे तुम्ही कितीही ओता, अँप तापतो आणि कानाला काही येत नाही. उपाय एकच, सोफा हलवणे.

सोफा हलवणे हे लिहायला दोन शब्द आहेत. आमच्याकडे त्याला दीड महिना लागला. सोफा अडीच फूट मागे म्हणजे डायनिंग टेबल भिंतीला चिकटणार, म्हणजे एका बाजूच्या खुर्च्या गेल्या, म्हणजे पाहुणे आले की काय? शेवटी दोन खुर्च्या गॅलरीत गेल्या आणि पाहुणे आले की त्या आत येतात, असा तह झाला. मग सबची जागा. सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, एकच बेसचा तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं, जिथे आवाज सगळ्यात सारखा आणि घट्ट येतो तिथे सब ठेवायचा. ४३ वर्षांचा माणूस हॉलमध्ये रांगतोय आणि सोफ्यावर खोका बसलाय, मुलीने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला. पण पुढचा डावा कोपरा सापडला, आणि त्या रात्री तोच सिनेमा तोच सब, आणि मी हसतच सुटलो. नवीन काही विकत घेतलेलं नव्हतं.

बेस लागला तसं बाकीचं खटकायला लागलं. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवली की टर्रर्र असा पत्र्यासारखा आवाज यायचा. संवाद कळत नव्हते. आई म्हणायची एवढं सगळं आणलंस पण जुन्या टीव्हीवर बोलणं जास्त कळायचं, आणि लागायचं ते, कारण खरं होतं. मी सेंटर बदलायला निघालो होतो. त्याआधी एका रविवारी कपाटातल्या चार गोधड्या आणि एक सतरंजी काढली, गोधड्या बाजूच्या भिंतींवर खिळ्यांना टांगल्या, सतरंजी सोफ्याच्या पुढे टाकली, आणि आईला विचारलं, आता? ती म्हणाली, आता कळतंय, पण हे काय धर्मशाळा केलीयस घराची.

मग रीतसर पॅनेल केली. भवानी पेठेतून लाकडाच्या पट्ट्या, ४ फूट बाय २ फुटांच्या चार चौकटी, आत आवाज शोषणारं ७५ मिलीमीटरचं रॉकवूल, घनता घनमीटरला ४८ किलो, वरून पडद्याचं कापड. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क घाला, मी घातले नाहीत आणि दोन दिवस खाजवत होतो. जागा ठरवायला आरसा लागतो. आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवत न्यायचा, आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथेच आवाज आपटून आपल्याकडे येतो, म्हणून तिथे पॅनेल. आरसा मुलीने धरला, १० रुपये प्रति भिंत. चार पॅनेलचा खर्च एका बऱ्या एचडीएमआय केबलपेक्षा थोडा जास्त, आणि फरक मात्र स्पीकर बदलल्यासारखा.

ऑडिसी कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने खोली मोजून आवाज जुळवतो ते) मी हे सगळं झाल्यावर परत केलं आणि तुम्हीही त्याच क्रमाने करा. आठ जागी माइक ठेवून मोजायचं, माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, सोफ्याच्या पाठीवर नाही, पंखा बंद, फ्रीज बंद, आणि कुकर लागलेला नको (आमची पाचवी जागा शिट्टीत गेली). नंतर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती हद्द) हाताने ८० हर्ट्झवर आणले. फोनवरचं पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅप आहे, त्यात २ किलोहर्ट्झच्या जवळ मुद्दाम ठेवलेला एक छोटा खड्डा बंद करता येतो. तो बंद केल्यावर बोलणं अजून पुढे आलं, हे मात्र चवीवर आहे. डायनॅमिक ईक्यू (आवाज कमी ठेवला तरी बेस भरून काढणारी सोय) सिनेमाला चालू, गाण्याला बंद. रिसीव्हरवरचा आवाजाचा आकडा ५५-६० वर, त्याच्या वर आमच्या हॉलला लागतच नाही.

केबलचा डबा जोडला तेव्हा घूंऽऽ असा बारीक हम सुरू झाला. हे मात्र मी एका मिनिटात ओळखलं. गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दिला की शिट्टी चढते ती अर्थिंगची असते, इथे ती ५० हर्ट्झला स्थिर, एवढाच फरक. केबलवाल्याची तार गच्चीवरून स्वतःचं अर्थ घेऊन येते, आपला प्लग आपलं, दोन्ही भेटले की हम. ती तार उपसली, शांत. तारेत आयसोलेटर टाकून विषय संपला. एका दुकानदाराने प्लगची अर्थिंगची पिन कापा असा सल्ला दिला होता, तो कृपा करून ऐकू नका. स्पीकरची वायरसुद्धा मला आधी तांब्याची म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची मिळाली होती, नखाने खरवडल्यावर पांढरी निघाली. मग तपकीर गल्लीतून घरगुती वायरिंगची साधी २.५ स्क्वेअर मिलीमीटरची तांब्याची फ्लेक्सिबल आणली. अकरा महिने झाले, आवाजात काहीही कमी नाही.

एक चूक पूर्ण माझी. रिसीव्हर टीव्हीच्या कपाटात, दार लावून ठेवला होता, दिसायला छान. एप्रिलमध्ये हात लावला तर इस्त्री. आता दार काढून टाकलंय आणि वर वीतभर जागा मोकळी. टीव्हीवरून आवाज मध्येच जायचा तो माझ्या जुन्या एचडीएमआय केबलमुळे, नवीन टाकल्यापासून एकदाही नाही.

खालचे काका. त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर अनुभव अर्धवट राहील. तिसऱ्या आठवड्यात वर आले, बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "अरे, आमच्या बेडरूमचा पंखा हल्ली वाजतो, पण तुझा सिनेमा चालू असला की मगच." सबच्या पायांखाली जाड रबर लावलं, स्लॅबमधून जाणारी थरथर बरीच कमी झाली, आणि दहानंतर सब अ‍ॅपवरूनच खाली करतो. निवासी भागात रात्री १० ते ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, गणपतीच्या मिरवणुकीत ती कोण पाळतं ते सोडा, पण काका दहा दिवसांचे पाहुणे नाहीत.

अ‍ॅटमॉसचं (वरून येणाऱ्या आवाजाचं) विचाराल तर, खरं सांगू, सिनेमात पाऊस आणि विमान आलं की छान वाटतं, पण भिंतीवरचे हाइट डोक्यावर आहेत असं मी स्वतःला सांगतो म्हणून वाटतं की खरंच वाटतं, अजून ठरत नाहीये. बजेट कमी असेल तर हाइट सोडा, पैसे सबला आणि रॉकवूलला घाला. मी जास्त वेळ ऐकतो ते साधं स्टिरिओ. भीमसेनजींचं जुनं रेकॉर्डिंग लावलं की तानपुरा दोन्ही स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत भरून राहतो, आणि डग्ग्यावर मनगट घासल्यावर आवाज जो वळतो ना, तो मला गाडीत इतकी वर्षं कधी ऐकूच आला नव्हता, तिथे फक्त ढुम यायचं. गाडीत उजव्या सीटवर बसून डावीकडचं गाणं हरवायचं ते वेगळंच.

गाडीत आता कंपनीतून आलाय तोच डेक आहे. डिकीतला तो डबा गॅलरीत, त्यावर आई कुरडयांचं ताट वाळवते, उंची बरोबर आहे म्हणते.

३५ चा खड्डा गेला तरी ग्राफवर अजून एक छोटा आहे, ५१ ला, हॉलच्या रुंदीचा. त्यावर उपाय म्हणजे दुसरा सब, पहिल्याच्या बरोब्बर तिरप्या समोरच्या कोपऱ्यात. माप घेऊन ठेवलंय, वायर पोचते, प्लगही जवळ आहे. तो ईशान्य कोपरा आहे आणि तिथे आईचा देव्हारा आहे.