सॉल्ट लेक की पोर्टलंड? मंगळवारच्या संध्याकाळचा हिशेब

मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीत, १९९८ नंतर नवा संघ आलेला नाही. ३० चे ३२ संघ करायचे, आणि जानेवारी २०२९ मध्ये आपण पायउतार होण्याआधी निदान शहरं ठरवून टाकायची, असं आयुक्त रॉब मॅनफ्रेड सांगत आलेत. पूर्वेकडे नॅशव्हिल आणि नॉर्थ कॅरोलायनातली शहरं झुंजतील, ते भांडण वेगळं. पश्चिमेची जागा एकच धरली, तर सामना युटाची सॉल्ट लेक सिटी आणि ओरेगॉनचं पोर्टलंड यांच्यात आहे.

पैशाचं आधी उरकून घेऊ. युटाच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये स्टेडियमसाठी ९० कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीचा कायदा केला. ओरेगॉनने २०२५ मध्ये आपली जुनी १५ कोटींची रोखेमर्यादा ८० कोटींवर नेली. आकडे जवळपास सारखे दिसतात, पण ओरेगॉनचे रोखे फिटायचे ते खेळाडूंच्या पगारावरच्या आयकरातून. म्हणजे पगारपत्रक जितकं जाड तितकी फेड सोपी, आणि काटकसरी मालक आला की गणित ताणलं जाणार. शिवाय प्रवेश शुल्क वेगळंच. १९९८ च्या दोन्ही संघांनी प्रत्येकी १३ कोटी भरले होते. २०२१ मध्ये मॅनफ्रेड यांच्या तोंडी २२० कोटींचा आकडा होता. सॉल्ट लेकच्या मागे मिलर कुटुंब आहे, ज्यांनी युटा जॅझ हा बास्केटबॉल संघ १९८५ ते २०२० सांभाळला. मेजर लीगच्या एक पायरी खालच्या, ट्रिपल-ए दर्जाचा ‘सॉल्ट लेक बीज’ (Bees) संघही त्यांचाच. ही बाब छोटी वाटते, पण मोठा संघ आला की त्या प्रदेशातल्या छोट्या संघाला भरपाई द्यावी लागते. इथे ती एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल. पोर्टलंडला शेजारच्या हिल्सबरो हॉप्स या छोट्या संघाशी वेगळं बोलणं करावं लागेल.

मैदानाचं म्हणाल तर दोन्हीकडे नशीब चांगलं. नियमपुस्तक होम प्लेटपासून (जिथे फलंदाज उभा राहतो) मध्य आउटफिल्डकडची (मैदानाच्या दूरच्या भागाकडची) रेषा ईशान्य-पूर्वेला असावी असं सुचवतं. सॉल्ट लेकमध्ये त्या दिशेला वासॅच पर्वत, पोर्टलंडमध्ये विलामेट नदी आणि हवा स्वच्छ असली तर माउंट हूड. तोटाही सारखाच: जुलैत सूर्य नऊच्या आसपास मावळतो, म्हणून पहिल्या बेसकडच्या प्रेक्षकांना निम्मा सामना डोळ्यांवर हात धरून बघावा लागेल. तिसऱ्या बेसकडची तिकिटं महाग लावायला हरकत नाही. पोर्टलंडचे जुलै-ऑगस्ट कोरडे आणि बेताचे. सॉल्ट लेकमध्ये त्याच दिवसांत पारा ३८ अंशांपार जातो आणि वणव्यांचा धूर येतो, त्यामुळे खुर्च्यांवर खोल छत हवंच.

सॉल्ट लेकची खरी तांत्रिक अडचण उंचीची आहे. शहर समुद्रसपाटीपासून जवळपास १,३०० मीटरवर, डेन्व्हर १,६०० वर. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, कमी वळतो. डेन्व्हरच्या कूर्स फील्ड मैदानाने २००२ मध्ये चेंडू दमट खोलीत ठेवायला सुरुवात केली. २०२२ पासून सगळ्याच मैदानांना ते सक्तीचं आहे. त्याने चेंडूचा टप्पा थोडा मरतो, वळण मात्र पूर्ण परत येत नाही. कुंपण मागे ढकलायचा मोह आवरावा. डेन्व्हरने तेच केलं आणि होम रन रोखताना आउटफिल्ड इतकं पसरलं की साधे फटके मधल्या मोकळ्या जागेत पडू लागले. कुंपण माफक अंतरावर आणि भिंत उंच, हे बरं.

हे सगळं तोलूनही माझ्या दृष्टीने निकाल लागतो तो रस्त्यावर. बास्केटबॉलचे घरचे सामने ४१, बेसबॉलचे ८१. शनिवारी माणूस कुठूनही येतो. मालक जगतो तो मंगळवारी पावणेसातला भरलेल्या खुर्च्यांवर. पोर्टलंडसाठी संघ मागणाऱ्या गटाने निवडलेली झिडेल यार्ड्स ही जागा विलामेट नदी आणि आय-५ महामार्ग यांच्या चिमटीत आहे. ऑफिस सुटायच्या वेळी रॉस आयलंड पुलाकडे गाडी काढून पाहा, मग सांगा. टिलिकम पूल देखणा आहे, पण त्यावर खासगी मोटारींना बंदी. शहरी रेल्वेची ऑरेंज लाइन जवळ थांबते. मात्र पश्चिमेच्या उपनगरांतल्या, बीव्हर्टन-हिल्सबरोकडच्या माणसाला ब्लू लाइनने येऊन शहरात गाडी बदलावी लागते. कोलंबिया नदीपलीकडच्या (कॅनडातल्या नव्हे, वॉशिंग्टन राज्यातल्या) व्हँकुव्हरकरांना शहरी रेल्वेच नाही. त्यांना आय-५ चा तोच जुना पूल, जो बोटींसाठी अधूनमधून वर उचलला जातो. पहिली इनिंग पार्किंगमध्ये ऐकावी लागली की पुढच्या वर्षीचं सीझन तिकीट कोण घेतो?

सॉल्ट लेकची नियोजित जागा, पॉवर डिस्ट्रिक्ट, मात्र विमानतळ आणि शहराच्या मध्ये, नॉर्थ टेम्पल रस्त्यावर सुमारे १०० एकर. शहरी रेल्वेच्या ग्रीन लाइनचं पॉवर नावाचं स्टेशन दारात. ऑग्डेन किंवा प्रोव्होहून फ्रंटरनर या लोकल गाडीने यायचं, नॉर्थ टेम्पलला बदलायचं, तीन थांबे. शेजारी गॅड्सबी वीजकेंद्र आहे, तेव्हा जागेची साफसफाई फुकट होणार नाही.

पोर्टलंडची बाजू घेणाऱ्यांशी वाद नाही. सिएटलशी वैर जन्मजात, २८० किलोमीटरवर, आणि फुटबॉलमध्ये पोर्टलंडच्या टिंबर्स आणि सिएटलच्या साउंडर्सने ते सिद्ध केलंय. सॉल्ट लेकला डेन्व्हर ८०० किलोमीटरहून दूर; तिथे वैर कमवावं लागेल. तरीही माझं झुकतं माप सॉल्ट लेकला, एका अटीवर. फ्रंटरनर रविवारी धावत नाही, आणि बेसबॉलमध्ये रविवारची दुपार म्हणजे बच्चेकंपनीचा सामना. चर्चला जाणाऱ्या घरांतून रविवारी गर्दी तशीही पातळ असेल. त्यात ऑग्डेनहून गाडी नसेल, तर संघाने परिवहन खात्याकडून रविवारच्या फेऱ्या करारातच लिहून घ्याव्यात. स्टेडियमचा नकाशा मंजूर व्हायच्या आधी.