सांगलीहून दिल्लीला विमानाने: पुणे धरायचं की बेळगाव?

विट्याकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, मंडळी असोत नाहीतर दिल्लीच्या करोलबागेत यूपीएससीला बसलेली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच, दिल्लीला जायचं तर विमान कुठनं पकडायचं.

नकाशावर बघितलं तर पुणेच जवळ. पुणे-दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किमी, बेळगाव-दिल्ली १४३० च्या आसपास. म्हणजे पावणेतीनशे किमीचा फरक, पण विमानाला तेवढं कापायला वीस-पंचवीस मिनिटंच लागतात. पुण्याहून सव्वादोन तास धरा, बेळगावहून अडीच-पावणेतीन. आता कोण म्हणेल ताशी ८०० नं उडतंय तर ११५० ला दीड तासात पोचायला पाहिजे की, पण तिकिटावरच्या वेळेत रनवेपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, दिल्लीवर घिरट्या घालणं सगळं धरलेलं असतं, आणि वाटही सरळ रेघेत नसते.

खरा खेळ जमिनीवर आहे. सांगली ते पुणे २३० किमी, पेठनाक्याला हायवेला लागलं की कराडकडं रस्त्याची कामं, पुढं खंबाटकी घाट, आणि कात्रजला पोचून हुश्श करावं तर लोहगाव विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! रविवारी संध्याकाळी तर बोलायलाच नको. घरातनं सहा तास आधी निघालात तरी चेक-इन बंद व्हायच्या आत पोचाल याची खात्री नाही, विमान सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो. बेळगावचं सांबरा त्यामानानं सुखाचं, मिरज-चिकोडीकडनं अडीच-तीन तास, छोटं विमानतळ, गर्दी कमी. दारापासून दारापर्यंत दोन-अडीच तास सहज वाचतात.

मग सगळे बेळगावलाच का जात नाहीत? कारण तिथं फ्लाइट मोजक्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं आणि त्यातली एक रद्द झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत बसा. पुण्याहून दिवसभर विमानं असतात, एक गेलं तर दुसरं. त्यामुळं परीक्षा, इंटरव्ह्यू, कोर्टाची तारीख असेल तर मी डोळे झाकून पुणंच सांगीन, तेही आदल्या दिवशीचं. आईवडिलांना घेऊन निवांत जायचंय तर बेळगाव, फक्त वेळापत्रक बघूनच, ते बदलत राहतं.

कोल्हापूर? पन्नास किमीवर आहे खरं, पण दिल्लीसाठी बहुतेकदा हैदराबाद किंवा बंगळुरूला विमान बदला, त्यात वाचलेला वेळ गेला. आणि सामान पोत्यानं असेल तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस आहेच, तीसेक तास लागतात पण पंधरा किलोची कटकट नाही.

येतानाचंही आत्ताच बघून ठेवा. पुण्यात रात्री उशिरा उतरलात तरी स्वारगेटहून सांगलीची गाडी मिळून जाते, बेळगावला संध्याकाळी उतरलात आणि मिरजेची रेल्वे निघून गेली असेल तर गाडी ठरवावी लागते, तो खर्च आधीच धरून ठेवा.